नाना, तो बेल्ट आपण दोघांनी बदलला होता

नाना, तुम्हाला खांदा द्यायला माणसं भरपूर होती. मी पुढे झालो तेव्हा गिरीशने, तुमच्या पुतण्याने, माझ्या छातीवर हलकेच हात ठेवला आणि म्हणाला, तुम्ही राहू द्या. धक्का दिला नाही, आवाजही चढवला नाही. बसमध्ये धरून ठेवलेल्या जागेवर आपण बसायला गेलो की शेजारचा माणूस ज्या सुरात सांगतो, त्याच सुरात. मी मागे झालो आणि ज्या गाडीतून तुम्हाला वर्षभर दवाखान्यात नेलं-आणलं, त्या गाडीला टेकून उभा राहिलो. वैशाली तुमची एकुलती एक मुलगी, पण अग्नी गिरीशने दिला. मी तुमचा एकुलता एक जावई, आणि मी पार्किंगमध्ये होतो.

तिथे जो तो सांगत होता की नाना शब्दाचे पक्के होते. खरं आहे ते. मला दिलेला एकही शब्द तुम्ही मोडला नाहीत, कारण मला तुम्ही कधी शब्दच दिला नाहीत.

आमचं लग्न नोंदणी पद्धतीने झालं, तेव्हा तुम्ही म्हणालात म्हणे की आपल्याला मुलगी नव्हतीच. मी साक्रीकडचा, अहिराणी बोलणारा, तुमच्या जातीच्या उतरंडीत खाली बसणारा. शाळेत विज्ञान शिकवतो हे तुम्हाला कळलं होतं, पण त्याने काही फरक पडला नाही. वैशालीची आई चोरून फोन करायची. ती गेली तेव्हा वैशाली एकटी गावाला जाऊन आली. मला बोलावणं नव्हतं आणि मी गेलो नाही.

मग तुमच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी जळगावला राहणं भाग पडलं आणि एके दिवशी दुपारी तुम्ही स्वतः ती पांढरी डिझेल गाडी चालवत शहरातल्या मेहरूण भागात आमच्या दारात आलात. गाडीतून उतरलात, घराकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलं नाहीत. वैशालीला म्हणालात, थोडे दिवस राहतो. गावात तुम्ही सांगून आला होतात की दवाखान्याजवळ खोली केली आहे. हे आम्हाला पुढे कळलं, तुम्ही गॅलरीत उभे राहून कुणाशी तरी फोनवर बोलत असताना. खोली बरी आहे, हवेशीर आहे, असं सांगत होतात. वैशाली आत कणीक मळत होती. तिचे हात थांबले, आणि मग पुन्हा चालू झाले.

ती हवेशीर खोली म्हणजे आमची झोपायची खोली, नाना. आम्ही बाहेर गाद्या टाकत होतो.

मला तुम्ही मास्तर म्हणायचात. नावाने हाक मारली असती तर मी घरचा झालो असतो, पाहुणे म्हटलं असतं तर जावई झालो असतो. मास्तर म्हणजे कुणीच नाही. वैशालीने केलेलं तेवढंच तुम्ही खायचात. ती उशिरा येणार असली की दूध-बिस्किटांवर राहायचात आणि भूक नाही म्हणायचात. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मी हात पुढे करायचो, तुम्ही कठडा धरायचात. कठडा नसेल तिथे भिंत.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही टायमिंग बेल्टचा विषय काढलात. गाडी त्या बेल्टच्या मुदतीच्या पुढे बरीच पळाली होती. हा बेल्ट आतल्या आत इंजिनाचे वरचे आणि खालचे भाग एका तालात फिरवतो, आणि धावत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनाचं भंगार होतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तुम्हाला ते तुमच्या ओळखीतल्या एकाची गाडी भुसावळ रस्त्यावर बसली तेव्हापासून माहीत होतं. मी म्हणालो, गॅरेजला टाकू. तुम्ही मान हलवलीत.

"कायले गॅरेजात? ते जुनाच पुसून लावतात. आपून घरीच बदलू."

आपून. मी त्या एका शब्दावर भाळलो, हे आज सांगतो. गॅरेज तुम्हाला का नको होतं याचा विचारही केला नाही.

तुम्ही शेतात पाण्याची इंजिनं खोलली होती, पण गाडीचा टायमिंग बेल्ट कधी बदलला नव्हता. मी तर चाक बदलण्यापलीकडे गेलो नव्हतो. मोबाइलवर एका माणसाचा हिंदी व्हिडिओ सापडला, अगदी आपल्याच गाडीचा. तो आपण जेवणाच्या टेबलावर शेजारी बसून पुन्हा पुन्हा पाहिला. मध्येच थांबवून तुम्ही विचारायचात, हे कोनतं नट खोललं त्यानं, आणि मी मागे नेऊन दाखवायचो. बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि पाण्याचा पंप मी बाजारातून आणला. तुम्ही डबे उघडून एकेक वस्तू उन्हात धरून पाहिलीत.

वैशाली ऑफिसला गेली आणि आपण अंगणात सुरुवात केली. तुमच्या डाव्या हातात डायलिसिससाठी नस जोडलेली, त्या हाताने वजन उचलायचं नाही, पाना ओढायचा नाही. तुम्ही स्टुलावर, उजव्या हातात बॅटरी. मी जमिनीवर. गाडीच्या बॅटरीची तार काढली, गाडी जॅकवर घेतली, उजवं पुढचं चाक काढलं. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा देऊन दुसरा जॅक लावला, कारण बेल्टपर्यंत पोचायला इंजिन धरून ठेवणारा एका बाजूचा आधार सोडावा लागतो. तो सोडताना माझ्या पाठीला घाम फुटला होता. अख्खं इंजिन एका ठोकळ्यावर. तुम्ही म्हणालात, घाबरू नको, ठोकळा बाभळीचा आहे.

खालच्या पुलीचा मोठा बोल्ट काही केल्या हलेना. गाडी गिअरमध्ये टाकून तुम्ही आत बसलात आणि सगळ्या ताकदीने ब्रेक दाबून धरलात. मी पान्याला पाण्याच्या नळाचा लांब तुकडा जोडला आणि पाय भिंतीला लावून ओढलं. दोनदा पाना निसटला. तिसऱ्या खेपेला कडाड असा आवाज आला आणि मी उताणा पडलो. मला वाटलं, बोल्ट तुटला. तुम्हालाही तेच वाटलं असणार, कारण तुम्ही गाडीतून उतरून जवळजवळ धावत आलात. बोल्ट शाबूत होता, सुटला होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, हसलात, आणि उजवा हात पुढे केलात.

नाना, लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि तोवर आपला एकमेकांना स्पर्श झाला नव्हता. मी तुमचा हात धरून उठलो. माझा हात ग्रीसने काळा होता, तुमचाही झाला. तो तुम्ही लगेच पुसला नाहीत. हे मी पाहिलं. अशा गोष्टी पाहायची सवय माझ्यासारख्यांना लहानपणापासून असते.

कव्हर काढल्यावर जुना बेल्ट दिसला. त्याच्या पाठीवर भेगा पडल्या होत्या. सगळ्या पुल्या खुणेवर आणून मी वैशालीचं लाल नेलपॉलिश घेऊन आलो आणि एकेका दात्यावर ठिपके दिले.  टेन्शनर सोडला, जुना बेल्ट निघाला. पंप बदलला, नवा टेन्शनर बसवला, नवा बेल्ट चढवला. आता इंजिन हाताने, पान्याने, पुरते दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहायचं होतं. वरची खूण जुळली नाही. एका दात्याने पुढे गेली होती.

ऊन उतरायला लागलं होतं. मी दमलो होतो. तुम्हीही दमला होतात, चेहऱ्यावर सूज आली होती.

"एका दात्यानं काय होते? कर चालू," तुम्ही म्हणालात.

मी नाही म्हणालो. तुम्ही म्हणालात, गाडी माझी आहे. मी म्हणालो, गाडी तुमची आहे, पण बेल्ट मी टाकलाय आणि ह्या गाडीत तुम्ही बसणार आहात. माझा आवाज चढला होता. तुमच्याशी त्या आवाजात बोलणारा तुमच्या घरात कुणी नसावा, कारण तुम्ही क्षणभर बघतच राहिलात. मग स्टूल पुढे सरकवलंत आणि बॅटरीचा उजेड बरोबर त्या पुलीवर धरलात. मी सगळं पुन्हा सोडलं, पुन्हा चढवलं. ह्या वेळी खुणा जुळल्या. आणखी एकदा फिरवलं, तरी जुळल्या.

आधी पोटात काहीतरी घालू, असं मी म्हणालो. वैशालीला यायला अवकाश होता. रॉकेल आणि कपड्यांच्या पावडरीने हात धुऊन मी खिचडी टाकली आणि तुमच्यासाठी नेहमीप्रमाणे दूध-बिस्किटं काढून ठेवली. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. म्हणालात, खिचडी पुरंल का दोघांले? आपण समोरासमोर बसून जेवलो. तुम्हाला मीठ कमी ठेवायचं म्हणून मी अगदी बेताने घातलं होतं. दोन घास खाऊन तुम्ही माझ्या बोलीची नक्कल केलीत, "मीठ कमी शे, मास्तर." आणि स्वतःच हसलात. माझ्या आयुष्यात मला कुणी इतक्या प्रेमाने चिडवलं नव्हतं. मी हे विसरणार नाही, आणि विसरता येत नाही याचाच मला जास्त राग येतो.

आधार, चाक, सगळं जागच्या जागी बसवल्यावर किल्ली तुमच्या हातात दिली. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. तुम्ही टोपी काढून बॉनेटपाशी वाकलात, बराच वेळ ऐकत राहिलात. म्हणालात, आपल्याले जमलं. मग तुम्ही स्वतः गाडी काढलीत आणि मला मेहरूणच्या तलावाला फेरी मारायला घेऊन गेलात. तलावाकाठी गाडी थांबवून तुम्ही समोर पाहत सांगितलंत की वैशालीच्या आईला शेवटच्या दिवसांत आमच्या घरी यायचं होतं.

"मीच नाई येऊ देलं तिले," म्हणालात.

 मी विचारलं, आता गावात सांगाल का, तुम्ही आमच्याकडे राहता म्हणून? तुम्ही गाडी गिअरमध्ये टाकलीत आणि म्हणालात, पाहू.

मी घरी येऊन वैशालीला सांगितलं, पाहू म्हणाले. ती माझ्याकडे दयेने बघत होती. तिला तुमचा पाहू लहानपणापासून माहीत होता.

त्यानंतरच्याच आठवड्यात डायलिसिसच्या खोलीबाहेर तुमच्या गावचे एक गृहस्थ भेटले, त्यांच्या बायकोला घेऊन आलेले. माझ्या एका हातात तुमचा थर्मास होता, दुसऱ्या हातात शाल. ते माझ्याकडे पाहत म्हणाले, हे कोण? तुम्ही एका श्वासाचाही विलंब लावला नाहीत. म्हणालात, गाडीवर आहे. ड्रायव्हर. त्या गृहस्थांनी लगेच मला खालून पाण्याची बाटली आणायला सांगितली. मी आणली. तुम्ही माझ्याकडून ती घेऊन त्यांना दिलीत.

परत येताना मी गाडी कडेला घेतली आणि तुम्हाला विचारलं, मला ड्रायव्हर का म्हणालात? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात,

"मंग काय म्हनू? तूच सांग."

नाना, माझ्या तोंडात तो शब्द होता. पण तो मी शिकवायचा नव्हता. वर्गात मुलं अडली की मी पहिलं अक्षर सांगतो. तुम्हाला मी पहिलं अक्षरही सांगितलं नाही. गाडी चालू केली. आपलं भांडण तिथेच राहिलं, आणि त्यानंतर जितक्या वेळा आपण त्या रस्त्याने गेलो तितक्या वेळा ते आपल्या दोघांच्या मध्ये, हँडब्रेकपाशी बसून असायचं. तुम्ही घरात मऊ झालात, ते खरं. मी केलेला चहा घ्यायला लागलात. पायऱ्यांवर, ओळखीचं कुणी नसेल तेव्हा, माझ्या खांद्यावर हात ठेवायला लागलात. आधी इकडे-तिकडे बघायचात, मग ठेवायचात. त्या बघण्याने मला तो हात जड लागायचा.

तुम्ही सकाळी गेलात, आमच्या त्या हवेशीर खोलीत. पाणी मागितलंत, मी पाजलं, आणि दुसरा घोट बाहेर आला. वैशाली तुमच्या पायाशी होती. गावाहून गिरीश आला तेव्हा त्याने दारातूनच घर पाहिलं आणि विचारलं, खोलीवर कोणी नव्हतं का? कुठल्या खोलीवर, असं वैशालीने विचारलं. तो फोन काढून अंगणात गेला. सगळ्यांना माहीत होतं, नाना. तुमचं खोटं तुमच्या गावाने सांभाळलं होतं, आणि तुम्ही त्यांचं मन सांभाळत होतात. मध्ये फक्त आम्ही दोघं होतो.

दहाव्याला तापीकाठी गेलो तेव्हा मी गाडीपाशीच थांबलो. विधी आटोपल्यावर गिरीश चार माणसं घेऊन गाडी पाहायला आला. गाडी आता घरी राहील, असं त्याने सांगितलं. त्यांच्यात तुमचा कैलास मिस्त्री होता, तुमच्या भावकीतला, भुसावळला गॅरेजवाला. गिरीश सोबतच्या माणसांना म्हणाला, बेल्ट नवाच आहे, कैलासने टाकलाय, नाना सांगत होते.

कैलास म्हणाला, मी नाही टाकला. नानांचा फोन आला होता, मी म्हटलं गाडी घेऊन या, संध्याकाळपर्यंत करून देतो. तर म्हणाले, "आननारं कोनी नाई."

मग तुम्ही घरी बदलायचं ठरवलंत. मला तिथे, त्या वाळूत उभं असताना कळलं. परक्या गॅरेजवर तुमचा भरवसा नव्हता आणि भुसावळपर्यंत चालवायची ताकद तुमच्यात उरली नव्हती; कैलासकडे गाडी न्यायची म्हणजे ती चालवत मी येणार, आणि तो विचारणार, हे कोण. म्हणून आपून. म्हणून जॅक, ठोकळा, खिचडी. माझ्या आयुष्यातला तुमच्यासोबतचा जो एकच चांगला दिवस, तो मला लपवण्यासाठी होता. आणि तोही तुम्ही गावात कैलासच्या नावावर टाकलात.

गिरीशने विचारलं, मग कुणी टाकला?

मी म्हणालो, मी. नानांनी आणि मी, मेहरूणला, माझ्या घराच्या अंगणात. ते वर्षभर माझ्याच घरी होते. मी त्यांचा जावई आहे.

 एकाने चपलेने वाळू उकरली. कैलासने तेवढं विचारलं, खुणा जुळल्या होत्या का? मी म्हणालो, पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा जुळल्या. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, पहिल्यांदा कुणाच्याच जुळत नाहीत. गिरीश म्हणाला, आता हे इथं कशाला, आणि हात पुढे केला. मी किल्ली दिली. वैशाली बायकांमधून उठून आली. तिने मागच्या सीटवरची तुमची शाल काढून घेतली आणि माझ्यासोबत बस थांब्याकडे चालायला लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मला ते जमत नाही. तुम्ही नुसते वाईट असतात तर सोपं होतं, मी तुम्हाला केव्हाच सोडून दिलं असतं. तुम्ही मला हात देऊन उठवलंत, माझ्या हातचं जेवलात, माझी बोली बोललात, आणि मग चारचौघांत मला पाणी आणायला पाठवलंत. तुम्हाला सगळं कळत होतं. जे कळूनही केलंत, ते मी कुठे ठेवू?

परवा गिरीशचा फोन आला. पहिल्यांदाच. गाडी सकाळी चालू करताना किंचाळल्यासारखा आवाज येतो, म्हणाला, तुम्ही खोलली होती, येऊन बघता का जरा? तो आवाज टायमिंग बेल्टचा नाही, बाहेरचा डायनॅमोचा बेल्ट थोडा ढिला झाला असणार. एक नट आवळायचं काम आहे, कैलासनेही केलं असतं. फोनवर सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. म्हणालो, गाडी माझ्याकडे घेऊन या, दिवसाउजेडी, अंगणात बघू.

आमच्याच दारातून तो तुम्हाला घेऊन गेला होता. तरी त्याने विचारलं, घर नक्की कुठे?

मी पत्ता सांगितला. दारावर पाटी आहे, म्हणालो, तिच्यावर माझं पूर्ण नाव आहे, आडनावासकट. गल्लीत कुणालाही विचारा.

बरं, पाहू, म्हणाला.